दवाखान्याची वाट

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीत दोरीवरचे कपडे काढताना आधी झटकतात, मग घडी घालतात. कोळशाची धूळ कुणाला सुटत नाही. त्या रविवारी भाचसून अंगणात कपडे झटकत होती आणि ओसरीत आम्ही मामा-भाचे तीन कंपन्यांची माहितीपत्रकं पसरून बसलो होतो. तिला पाचवा महिना. थोरली पोर चार वर्षांची. भाच्याने मला नागपूरहून बोलावून घेतलं होतं ते एवढ्याचसाठी: "मामाजी, विमा काढायचा हाय, पण यातलं काय वाचावं तेच समजत नाही."

भाचा खदानीत डंपर चालवतो. नोकरी मात्र वेकोलिची, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सची, नाही, माती काढायचं काम घेतलेल्या ठेकेदाराची. त्याचे वडील, म्हणजे माझे भाऊजी, वेकोलितून रिटायर झाले. ते खाटेवर बसून आमचं ऐकत होते. म्हणाले, "आमच्या वेळी असं काही वाचावं लागत नव्हतं. कार्ड घ्यायचं, कंपनीच्या दवाखान्यात जायचं. मोठं काही निघालं तर तेच पुढे रेफर करत."

खरं आहे ते. १९७३ साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये वेकोलि उभी राहिली, आणि त्यानंतरच्या पिढीला घर, शाळा, दवाखाना नोकरीबरोबरच मिळाला. निवृत्त कर्मचारी आणि त्याची बायको यांच्यासाठी कोल इंडियाची वेगळी वैद्यकीय योजना आहे, त्यामुळे भाऊजी आणि ताईची सोय आजही आहे. पण मुलगा कमावता झाला आणि त्याचं नाव त्या कार्डावरून उतरलं. त्याच खदानीत, त्याच धुळीत तो काम करतो. त्याच्या पोरीच्या आजारपणाची तजवीज मात्र त्यालाच करायची आहे.

मी माहितीपत्रकं बाजूला सारली. वहीचं कोरं पान त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "रात्री दोन वाजता पोरीला ताप चढला, फिट आली, तर कुठे नेशील?"

"वरोऱ्याला."

"ताईच्या छातीत दुखलं तर?"

"चंद्रपूर."

"आणि मोठं ऑपरेशन निघालं तर?"

तो थांबला. "सेवाग्राम. नाही तर नागपूर."

पानावर चार गावं आली, चारही एकाच रेल्वेमार्गावरची. माजरीचा माणूस आजारी पडला की याच रुळांवरून वर नाही तर खाली जातो. मग प्रत्येक कंपनीच्या कॅशलेस दवाखान्यांच्या यादीत आम्ही ही चार गावं शोधली. देशभरात हजारो दवाखाने असल्याचं ज्या कंपनीच्या पत्रकावर सर्वांत मोठ्या अक्षरात छापलं होतं, तिच्या यादीत वरोऱ्यातलं एकही नाव नव्हतं. यादीबाहेरच्या दवाखान्यात गेलं तर आधी आपण पैसे भरायचे आणि मग कागद पाठवून परत मागायचे. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात ते आधीचे पैसे आणायचे कुठून? ते पत्रक तिथेच बाद झालं.

त्यानंतर मी रेशनकार्ड मागितलं. भाचसून हसली, "विम्यात रेशनकार्ड कशाला जी?" पण महाराष्ट्रात विम्याचा विचार तिथूनच सुरू करावा. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला शेजारचा गडचिरोली होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. आता रेशनकार्डाचा रंग कोणताही असो, राज्यातल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण त्यात आहे. यादीतल्या दवाखान्यात गेलं की आरोग्यमित्र भेटतो, तो कागदपत्रं लावून देतो. मर्यादा एवढीच, की उपचार ठरलेल्या यादीतला हवा आणि दवाखाना योजनेतला हवा. ऐनवेळी जवळच्या खासगी दवाखान्यात चार दिवस काढावे लागले, तर तो खर्च आपला. आम्हाला विमा हवा होता तो या फटीसाठी. हे कळलं तेव्हा भाच्याच्या मनावरचं अर्धं ओझं उतरलं. आपण अगदी उघड्यावर नाही, हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मग बाळंतपण. एजंटने फोनवर सांगितलं होतं, "डिलिव्हरी कव्हर आहे." वाचलं तर खाली प्रतीक्षा कालावधी दोन वर्षांचा. काही कंपन्या गरोदर बाईला बाळंत होईपर्यंत घेतच नाहीत. काही घेतात, पण ही डिलिव्हरी सोडून. म्हणजे या बाळासाठी विम्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर झालं तरी, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, हे वहीत पहिल्या ओळीत लिहिलं. दुसरी ओळ बाळाची. ज्या पॉलिसीत बाळंतपण धरलेलं नाही, तिच्यात नवं बाळ बहुधा नव्वद दिवसांनी घेतात, तेही आपण कळवून हप्ता भरला तर. भाचसुनेने भिंतीवरच्या कॅलेंडरात संभाव्य तारीख आधीच गोल केली होती. तिने तिथून नव्वद दिवस मोजले आणि दुसरा गोल काढला.

आई-वडिलांनाही त्याच पॉलिसीत घ्यावं, असं भाच्याला वाटत होतं. पण अशा सगळ्या घराच्या एकत्र पॉलिसीचा, म्हणजे फॅमिली फ्लोटरचा, हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. ताईला साखर आहे. त्यांना कोल इंडियाची योजना आहे, ती सांभाळायची आणि ही पॉलिसी चौघांपुरती ठेवायची, असं ठरलं.

आता खोलीभाड्याची ओळ. इथे मी जरा हट्टाने थांबलो, कारण या ओळीने मला एकदा रडवलं आहे. पित्ताशयातल्या खड्यांचं माझं ऑपरेशन झालं, तेव्हा मी चांगली खोली घेतली होती. वाटलं, फार तर भाड्यातला फरक आपल्याला पडेल. बिल आलं तेव्हा कळलं की भाड्याच्या प्रमाणात डॉक्टरांची फीसुद्धा कापली जाते. भाच्याला मी ते वहीत मांडून दाखवलं. पाच लाखांच्या पॉलिसीत भाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे रोजचे ५,००० रुपये. तू खोली घेतलीस ८,००० ची. चार दिवसांचं भाडं ३२,०००, मिळणार २०,०००. डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून ८०,०००. पण आठातले पाचच भाग मंजूर, म्हणून ५०,०००. औषधं ४०,०००, ती या कपातीत येत नाहीत. बिल १,५२,०००, हाती १,१०,०००. खिशातून गेले ४२,०००.

भाच्याने बेरीज पुन्हा करून पाहिली. "खोलीचे तर बाराच हजार जास्त होते ना मामाजी?"

"हो. बाकीचे तीस हजार त्या एका ओळीने नेले."

उरलेल्या दोन पत्रकांपैकी एकात ही मर्यादा होती, दुसऱ्यात नव्हती. त्या दुसऱ्या पॉलिसीचा हप्ता थोडा जास्त होता. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला आहे, त्या बचतीत फरक बराचसा भरून निघाला. तीच घ्यायची ठरली. पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि वर सुपर टॉप-अप: वर्षाचा खर्च पाच लाखांपलीकडे गेला तर तो टॉप-अप उचलणार.

शेवटी फॉर्म. 'पूर्वीचे आजार' या रकान्याशी भाच्याचा पेन थबकला. भाचसून आत गेली आणि पेटीतून प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. त्यात तिचा लग्नाआधीचा सिकलसेलचा रिपोर्ट होता, एएस. चंद्रपूर-गडचिरोलीकडे अनेक घरांत सोयरीक जमवताना हा कागद बघतात. एएस म्हणजे ती वाहक आहे, आजारी नाही. भाच्याचा रिपोर्ट एए, म्हणजे तो वाहकही नाही. त्यामुळे त्यांच्या मुलांना सिकलसेलचा आजार होणार नाही. फार तर आईसारखी ती वाहक होतील.

"एजंट म्हणत होते, हे लिहू नका, उगाच प्रश्न विचारतील," ती हळूच म्हणाली.

लिहायचंच, असं मी सांगितलं. आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी आता जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवू शकते, पूर्वी ही मुदत चार वर्षांची होती. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली, तर लबाडी सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण पुढे करून क्लेम नाकारता येत नाही. हे दोन्ही नियम २०२४ चे. पण आज दडवलेला कागद त्या पाच वर्षांत कधीही वर येऊ शकतो, आणि तो वर येतो तेव्हा घरातलं माणूस दवाखान्यात पडलेलं असतं. कंपनीने प्रश्न विचारायचे तर आत्ता विचारावेत, ओसरीत बसून उत्तर देता येतं.

भाऊजी इतका वेळ गप्प होते. त्यांनी विचारलं, "समजा काहीच झालं नाही, तर भरलेले पैसे गेलेच ना?" मला सेवाग्रामची ज्वारी आठवली. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयाने भोवतालच्या गावांत आरोग्य विमा चालवला, त्याची वर्गणी शेतकरी सुगीनंतर ज्वारीत देत. जमीनवाल्याने जास्त द्यायची, भूमिहीनाने कमी. ज्याच्या घरी त्या वर्षी कुणी आजारी पडलं नाही, त्याची ज्वारी शेजाऱ्याच्या उपचाराला लागे. हे सांगितलं तसे भाऊजी म्हणाले, "मग गेले कसे म्हणता येतील? भर बाबू, भर."

भाचसुनेने स्वतः पेन घेतला आणि रकान्यात लिहिलं: सिकलसेल वाहक, एएस. रिपोर्टची झेरॉक्स फॉर्मला टाचली. पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांत ती वाचून, पटली नाही तर परत करता येते, म्हणून ती तारीखही लिहून ठेवायची असं ठरलं. कॅलेंडरावर तिसऱ्या गोलासाठी तिने जागा सोडली.