काटोलला पडलेल्या दगडाचा प्रवास

वसईत राहणाऱ्यांना काळा दगड नवा नाही. किल्ल्याच्या तटबंदीत तो आहे, तुंगारेश्वरच्या डोंगरातही आहे. लाव्हा थिजून झालेला हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. मात्र २२ मे २०१२ रोजी दुपारी दोनच्या सुमारास नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात जे दगड आकाशातून पडले, त्यांचे द्रव्य साडेचारशे कोटी वर्षांहून जुने आहे. ते तिथवर कसे पोहोचले, हे आपण टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा : ढग. सुमारे ४५७ कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीचा एक थंड ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसू लागला. आकसताना त्याचे फिरणे वाढले आणि तो चपटा होऊन तबकडी तयार झाली. मधोमध सूर्य पेटला. ग्रह सूर्यातून उडालेल्या तुकड्यांचे झाले, असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे. ग्रह झाले ते सूर्याभोवतीच्या तबकडीतून.

दुसरा टप्पा : थेंब. तबकडीतली काही धूळ तापून वितळली, तिचे इवलेसे थेंब झाले आणि ते लगेच थिजले. त्यांतले बरेचसे मिलिमीटरभर आकाराचे होते. असे गोल मणी ज्या दगडांत असतात त्यांना कोंड्राइट म्हणतात. काटोलचा दगड याच जातीचा.

तिसरा टप्पा : ग्रहबीजे. धूळ आणि मणी एकत्र येऊन काही किलोमीटरचे गोळे झाले. ही ग्रहबीजे. पुष्कळशी एकमेकांत मिसळून ग्रह झाले. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये मात्र गुरूच्या ओढीने त्यांचे वेग इतके वाढले की टक्कर झाल्यावर ती जुळण्याऐवजी फुटू लागली. उरलेल्यांचा लघुग्रहांचा पट्टा झाला. तिथे पूर्वी एखादा मोठा ग्रह होता आणि तो फुटला, हाही गैरसमज. पट्ट्यातले सगळे द्रव्य एकत्र केले तरी ते चंद्राच्या तीन टक्क्यांच्या आसपास भरते. सूर्यापासून फार दूर, थंडीत, बर्फाळ गोळे उरले. त्यांतले काही सूर्याजवळ येतात तेव्हा बर्फाची वाफ होते, धूळ सुटते आणि आपल्याला शेपटीचा धूमकेतू दिसतो.

चौथा टप्पा : आच आणि आघात. काटोलचा दगड ज्या मोठ्या गोळ्याचा भाग होता, तो आतून किरणोत्सर्गी द्रव्यांमुळे तापला. त्या उष्णतेने मण्यांच्या कडा पुसट झाल्या. पुढे टकरी झाल्या. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना या दगडात ब्रिजमनाइट हे खनिज सापडले. पृथ्वीच्या पोटात सुमारे ६६० किलोमीटरखाली ते विपुल आहे, पण तिथून आपल्या हाती येत नाही. काटोलच्या दगडात ते टकरीच्या प्रचंड दाबाने तयार झाले.

पाचवा टप्पा : पृथ्वीकडे. टकरीतून सुटलेले काही तुकडे गुरूच्या ओढीने कक्षा बदलतात आणि पृथ्वीच्या वाटेत येतात. हवेत शिरताना त्यांचा वेग सेकंदाला ११ किलोमीटरहून अधिक असतो. पुढची हवा दाबली जाऊन तापते आणि प्रकाशाची रेघ उमटते, ती उल्का. जमिनीवर पोहोचलेला दगड म्हणजे अशनी. दगड पडले तेव्हा काटोलकरांनी धमाका ऐकला, तो अशाच वेगवान दगडाच्या आघातलहरींचा. लहान अशनी लालभडक पडत नाही. शेवटचे काही किलोमीटर तो मंदावून थंड हवेतून येतो.

सहावा टप्पा : ओळख. इथे सर्वाधिक चुका होतात. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशात जळते तुकडे सरकताना दिसले आणि अनेकांना ते उल्का वाटले. ते चिनी रॉकेटचे अवशेष होते. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला त्याचे धातूचे मोठे कडे पडले. उल्का बहुधा एक-दोन सेकंदांत विझते. रॉकेटचा कचरा सावकाश, बराच वेळ सरकत राहतो.

दगड सापडला तर आधी भोके पाहा. आपल्या काळ्या कातळात आणि कारखान्याच्या भट्टीतून निघालेल्या मळात वायूच्या बुडबुड्यांची भोके असतात. अशनीत ती सहसा नसतात. ताज्या अशनीवर पातळ काळी साल असते आणि आकाराच्या मानाने तो जड लागतो. लोहचुंबकाला चिकटणे हा पुरावा नव्हे, कारण काळ्या कातळातही लोहखनिज असते. शिवाय जोरदार चुंबक लावल्याने दगडातली जुनी चुंबकीय नोंद पुसली जाते.

म्हणून दगड धुऊ नका, फोडू नका, चुंबक लावू नका. शेजारी नाणे ठेवून जागेवरच फोटो काढा, ठिकाण आणि वेळ लिहून ठेवा, स्वच्छ पिशवीत बांधा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवा. ग्रह घडतानाचे द्रव्य आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचते. ते अभ्यासकांच्या हाती सुखरूप देणे आपल्याला सहज जमण्याजोगे आहे.