ट्रकचा जुना सायलेन्सर भंगारात विकताय? फोडण्याआधी हे वाचा

समजा, तुम्ही साकोली तालुक्यातल्या एकोडीचे. घरी एक ट्रक आहे. हंगामात तो धानाच्या पोत्यांना लागतो, एरवी रेती-गिट्टीला. एक दिवस गाडी ओढेनाशी होते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. साकोलीला महामार्गावरच्या गॅरेजमध्ये सांगतात की सायलेन्सर जाम झाला, आतली जाळी गेली, नवीन बसवावा लागेल. जुना सायलेन्सर तुम्ही घरी आणून अंगणात टाकता. भंगारवाला येतो आणि लोखंडाच्या भावाने मागतो. तेवढ्यात पुतण्या मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो, "काका, याच्यात प्लॅटिनम असते. लोखंडाच्या भावात कशाला देता? फोडू, आतली माती वेगळी विकू."

पुतण्या अगदीच चूक नाही. आत मौल्यवान धातू असू शकतो. पण ती 'माती' काय आहे आणि फोडताना त्यातले किती आपल्या छातीत जाते, हे त्या व्हिडिओत नसते. या लेखात मुख्यतः तेच सांगायचे आहे.

आत नेमके काय असते?

आपण ज्याला सरसकट सायलेन्सर म्हणतो, त्या डब्यात नव्या गाड्यांमध्ये धूर शुद्ध करणारी यंत्रणा बसवलेली असते. तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. बाहेरून स्टेनलेस स्टीलचा डबा. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट. त्या छिद्रांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा पातळ लेप, आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम किंवा ऱ्होडियम यांचे डोळ्यांना न दिसणारे कण. काही किलोच्या विटेत हे धातू मिळून काही ग्रॅमच असतात.

वीट आणि डबा यांच्यामध्ये पांढरट, कापसासारखी एक चादर गुंडाळलेली असते. बहुतेक लोक ती हाताने ओढून काढतात आणि फेकून देतात. ती लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा येऊ.

ट्रकच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. सगळ्या ट्रकच्या सायलेन्सरमध्ये प्लॅटिनम नसते. देशभर बीएस-4 नियम 1 एप्रिल 2017 पासून आणि बीएस-6 नियम 1 एप्रिल 2020 पासून लागू झाले. त्याआधीच्या बहुतेक जुन्या ट्रकचा सायलेन्सर म्हणजे नुसता लोखंडी डबा, आत पत्रे आणि नळ्या. बीएस-6 ट्रकमध्ये साधारण तीन भाग असतात. पहिला, धूर जाळणारा कॅटॅलिस्ट. यात प्लॅटिनम-पॅलेडियम असते. दुसरा, काजळी अडवणारा फिल्टर, ज्याला मेकॅनिक डीपीएफ म्हणतात. तिसरा भाग युरियाच्या पाण्यावर (गाडीत वेगळ्या टाकीत भरतो ते डीईएफ) चालतो. या तिसऱ्या भागात मौल्यवान धातू जवळजवळ नसतो. अनेक गाड्यांत त्याऐवजी व्हॅनेडियम असते. म्हणजे तीच मेहनत करून, तीच धूळ खाऊन, हातात काहीच येत नाही असेही होते.

फोडताना काय उडते?

छन्नी-हातोड्याने किंवा ग्राइंडरने डबा कापला की चार प्रकारचा माल हवेत जातो.

पहिली डिझेलची काजळी. डिझेलच्या धुराने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्ये निश्चित कारणांच्या गटात घालून स्पष्ट केले आहे. फिल्टरचे कामच ती काजळी धरून ठेवण्याचे असते. त्यामुळे जाम झालेला फिल्टर म्हणजे काजळीचे गोदामच. काही गॅरेजमध्ये तो कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून 'साफ' करतात. हे करू नका आणि मुलाला त्याच्या आसपास उभे करू नका.

दुसरी सिरॅमिकची भुकटी. तिच्यातच तो लेप आणि धातू असतो. म्हणजे जी बारीक भुकटी वाऱ्यावर जाते, तीच खरी किमतीची. व्यवहाराच्या दृष्टीनेही फोडणे हा तोट्याचा धंदा आहे, असे मी रुग्णांना सांगतो तेव्हा ते जरा जास्त लक्ष देऊन ऐकतात.

तिसरी ती कापसासारखी चादर. हा कापूस नाही, सिरॅमिकचे तंतू आहेत. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. यातले कित्येक तंतू तीन मायक्रॉनपेक्षा बारीक असतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाऊ शकतात. अशा उष्णतारोधक सिरॅमिक तंतूंना 'कर्करोग होण्याची शक्यता' या गटात ठेवलेले आहे. लगेच जाणवणारा त्रास म्हणजे मनगटावर, मानेवर टोचल्यासारखी खाज, डोळे चुरचुरणे आणि घशात खवखव. खाज आली तर चोळू नका, तंतू आणखी रुततात. आधी वाहत्या पाण्याने धुवा, मग साबण लावा.

चौथा व्हॅनेडियम, युरियावर चालणाऱ्या भागातला. याची भुकटी श्वासनलिकांना फार झोंबते. खोकला, छातीत घरघर, नाकातून रक्त. त्रास कधी त्याच दिवशी, कधी दुसऱ्या दिवशी. जास्त संपर्क आला तर जिभेवर हिरवट थर येतो. दम्यासारखी तक्रार घेऊन आलेल्या भंगार कामगाराची जीभ हिरवट दिसली, तर डॉक्टरने काम विचारलेच पाहिजे. याच भागात युरियाचे पांढरे खडे साचलेले असतात. त्यावर गॅस कटर चालवला की अमोनिया निघतो आणि डोळ्यांतून पाणी थांबत नाही. शिवाय स्टेनलेस स्टील तापवून कापताना क्रोमियमचा धूर निघतो, तो वेगळाच.

तोंडाला रुमाल किंवा दुपट्टा बांधल्याने यातले बारीक कण अडत नाहीत. नीट बसणारा एन-95 मास्क धुळीसाठी उपयोगी आहे. आणि गूळ खाल्ल्याने छातीतली धूळ निघते, हे धुळीत काम करणारे पिढ्यान् पिढ्या ऐकत आले आहेत, पण गूळ पोटात जातो, फुप्फुसात नाही.

ॲसिडने धातू काढण्याचा प्रकार

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. व्हिडिओत दाखवतात की भुकटी नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणात उकळली की प्लॅटिनम विरघळते आणि मग ते वेगळे काढता येते. रसायनशास्त्र म्हणून ते खरे आहे. पण हे काम घराच्या मागच्या पडवीत, प्लॅस्टिकच्या बादलीत करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

या मिश्रणातून तपकिरी-लालसर वायू निघतो. त्यात नायट्रोजन डायऑक्साइड असतो, सोबत क्लोरीनही असतो. नायट्रोजन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे बंद जागेत खाली साठतो. त्याचा फसवेपणा असा की तो पाण्यात पटकन विरघळत नाही. त्यामुळे नाका-घशाला फारसा झोंबत नाही, माणूस पळून जात नाही आणि वायू थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतो. तिथे ओलाव्याशी संयोग होऊन त्याचे ॲसिड बनते.

सुरुवातीला थोडा खोकला येतो, डोके दुखते. मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटते. माणूस जेवतो, झोपतो. काही तासांनी, कधी चोवीस तासांनीसुद्धा, फुप्फुसात पाणी भरू लागते. मध्यरात्री धाप लागते, आडवे झोपता येत नाही, तोंडातून फेसाळ किंवा गुलाबी थुंकी येते, ओठ निळे पडतात. या वेळी एकोडीहून निघून मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंतचा वेळ महाग पडतो.

म्हणून तपकिरी धूर छातीत गेला असेल तर, आता बरे वाटत असले तरी, त्याच दिवशी रुग्णालयात जा. निदान एक दिवस देखरेखीखाली राहावे लागते. छातीचा एक्स-रे आणि बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणे या साध्या तपासण्या वारंवार कराव्या लागतात. पहिला एक्स-रे चांगला आला म्हणून घरी जायची घाई करू नका. डॉक्टरांना 'नायट्रिक ॲसिडचा धूर लागला' असे स्पष्ट शब्दांत सांगा. पोलिसांच्या भीतीने हे लपवले जाते आणि मग उपचार साध्या दम्याचे किंवा न्यूमोनियाचे होतात. वाटेत रुग्णाला चालवू नका, श्रम करू देऊ नका. धाप सुरू झाली असेल तर 108 ला फोन करा. बरे होऊन घरी आल्यावरही दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा ताप, खोकला, धाप येऊ शकते, कारण बारीक श्वासनलिका आतून भरून येतात. तेव्हा हा नवीन आजार समजू नका. एन-95 मास्क या वायूला अजिबात अडवत नाही.

ॲसिड अंगावर किंवा डोळ्यात उडाले तर लगेच नळाखाली किमान वीस मिनिटे धुवा, मगच गाडी काढा. लिंबू, चुना, हळद काही लावू नका.

यातून वाचला तरी एक त्रास मागे राहतो. विटेतले धातूरूप प्लॅटिनम सहसा ॲलर्जी करत नाही. ॲसिडमध्ये विरघळून तयार होणारे प्लॅटिनमचे क्षार मात्र तीव्र ॲलर्जी करतात. 1911 मध्ये शिकागोच्या फोटो छापणाऱ्या कामगारांमध्ये हे पहिल्यांदा नोंदले गेले, कारण तेव्हा फोटोच्या कागदावर प्लॅटिनमचे क्षार असत. शिंका, अंगावर गांध्या, मग दमा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका जास्त. एकदा ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या धुळीनेही दमा उसळतो, आणि तेव्हा ते काम सोडण्यावाचून इलाज उरत नाही.

भंडाऱ्याला ओळखीचा असलेला एक ताप

भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. पितळ वितळवताना जस्ताचा धूर निघतो आणि तो लागलेल्या माणसाला संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, अंग ठणकते. दुसऱ्या दिवशी तो उतरतो. भंगारात जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे गॅसने कापणाऱ्यांनाही हाच ताप येतो. यामुळे एक घोटाळा होतो. 'धूर लागला, ताप आला, सकाळी जाईल' हा जुना अनुभव माणूस ॲसिडच्या धुराला लावतो आणि रात्र काढतो. जस्ताच्या तापात सहसा धाप वाढत जात नाही. धाप लागत असेल तर तो हा ताप नव्हे, असे समजून निघा.

मग विकायचे कसे?

अख्खा विका. डब्यावर कोरलेला किंवा ठोकलेला नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा, कारण जाणकार खरेदीदार त्या नंबरवरून भाव सांगतो. दोन-तीन ठिकाणी विचारा. गॅरेजमध्ये नवीन बसवताना जुन्याची किंमत बिलातून वजा करून घेता येते का, हेही आधीच बोला. पूर्ण ट्रकच मोडीत काढायचा असेल तर परिवहन विभागाकडे नोंदणी झालेल्या वाहन मोडीत काढणाऱ्या केंद्रात द्या, तिथे गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते. व्हॅनेडियमसारखे धातू असलेला वापरलेला कॅटॅलिस्ट 2016 च्या घातक कचरा नियमांत येतो. त्यावर प्रक्रिया करायला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. ती घराच्या पडवीला मिळत नाही.

विकताना पावती घ्या. मागच्या काही वर्षांत महाराष्ट्रात आणि गुजरातेत मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर रात्रीतून चोरीला गेल्याच्या तक्रारी पोलिसांकडे आल्या, त्या याच 'माती'साठी. पावती नसेल तर तुमच्या हक्काच्या मालावरही शंका घेतली जाऊ शकते.

आणि चालू गाडीतली वीट काढून डबा रिकामा बसवू नका, भाव कितीही मिळो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 प्रमाणे प्रदूषणाचे नियम मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पण मला डॉक्टर म्हणून काळजी वाटते ती वेगळी. ती काजळी सगळ्यात आधी गाडी धुणाऱ्या पोराच्या, क्लीनरच्या आणि अंगणात खेळणाऱ्या नातवंडांच्या छातीत जाते.

आधीच फोडला असेल तर

झाडूने कोरडे झाडू नका. पाणी शिंपडून, ओल्या फडक्याने गोळा करा आणि जाड पिशवीत बांधून ठेवा. धान वाळत घालतो त्या अंगणात तर हे काम मुळीच नको. ते कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवू नका, लहान मुलाला उचलण्याआधी आंघोळ करा.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी मोफत होते, ती करून घ्या. तिथे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगा की भंगाराचे, सायलेन्सर फोडण्याचे काम केले आहे, किती दिवस केले आणि ॲसिड वापरले की नाही. बाहेर गर्दी असते, आम्ही डॉक्टर हा प्रश्न विचारायला विसरतो. क्षयरोग नाही असे निघाले आणि तरीही धाप राहिली, तर फुप्फुसाची क्षमता फुंकून मोजण्याची तपासणी लागते. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात श्वसनविकार विभागाला त्याबद्दल विचारा, आणि जाताना जुने एक्स-रे सोबत घ्या.