विश्लेषण : अवघ्या तीन प्रथिनांवर चालणारे जिवाणूंचे २४ तासांचे घड्याळ काय आहे?

काही तासांत एकाचे दोन होणाऱ्या जिवाणूला दिवस-रात्रीच्या घड्याळाची गरजच काय, असे जीवशास्त्रज्ञ अनेक वर्षे मानत होते. सायनोबॅक्टेरियांनी हा समज खोटा ठरवला.

घड्याळ सापडले कसे?

‘सायनेकोकॉकस इलाँगेटस’ हा सूर्यप्रकाशावर जगणारा सूक्ष्म जीव. जपान आणि अमेरिकेच्या संशोधकांनी १९९८ मध्ये त्याच्या घड्याळाची तीन जनुके शोधली. त्यांच्यापासून तयार होणारी प्रथिने म्हणजे काई-ए, काई-बी आणि काई-सी. जपानी भाषेत ‘काई’ म्हणजे फेरा.

परीक्षानळीत काय घडले?

नागोया विद्यापीठातील ताकाओ कोंडो यांच्या चमूने २००५ मध्ये ही तीन प्रथिने आणि पेशींचे इंधन असलेले एटीपी परीक्षानळीत एकत्र केले. त्यात पेशी नव्हती, डीएनए नव्हता. तरीही काई-सीवर फॉस्फेट चढण्या-उतरण्याचा फेरा सुमारे २४ तासांनी पूर्ण होत राहिला. तापमान बदलले तरी हा वेळ जवळपास तेवढाच राहिला.

प्रथिनांची रचना कशी?

काई-सीचे सहा रेणू जोडले, की एकावर एक ठेवलेल्या दोन मेदूवड्यांसारखा आकार होतो. दिवसा काई-ए वरच्या कड्याच्या शेपटीला धरते आणि फॉस्फेट चढू लागतात. ते पुरेसे चढले, की रात्री काई-बी खालच्या कड्यावर बसते आणि काई-एला तिथेच अडकवते. मग फॉस्फेट उतरतात, काई-बी सुटते आणि नवा फेरा सुरू होतो.

इतका वेळ का लागतो?

पेशीतल्या बहुतेक रासायनिक क्रिया सेकंदाच्या आत उरकतात. काई-सीचा एक रेणू मात्र दिवसभरात जेमतेम १५ एटीपी वापरतो. एटीपी तोडायला लागणारा पाण्याचा रेणू त्याच्या रचनेत गैरसोयीच्या जागी धरलेला असतो. काई-बीही बहुतांश वेळ वेगळ्याच घडीत असते. ती घडी बदलल्याशिवाय तिला काई-सीवर बसता येत नाही आणि असा बदल क्वचितच होतो.

जिवाणूला फायदा काय?

१९९८ मध्येच वेगवेगळ्या गतीच्या घड्याळांचे जिवाणू एकत्र वाढवण्यात आले. उजेड-अंधाराच्या फेऱ्याशी ज्यांचे घड्याळ जुळले, त्यांनी इतरांना मागे टाकले. सतत उजेड ठेवला, तेव्हा हा फायदा दिसला नाही. घड्याळाची खरी किंमत सूर्य उगवतो आणि मावळतो तिथेच आहे.