मुलांच्या हृदयाची बिघडलेली लय

तान्ह्या बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण १२० ते १६० पडतात. रडताना किंवा तापात ते आणखी वाढतात, त्यात वावगे काही नाही. मात्र शांत पडलेल्या बाळाचे ठोके २२०च्या वर जाऊन तिथेच खिळले, तर दोष बहुधा हृदयातल्या विद्युतमार्गात असतो. वरचे आणि खालचे कप्पे जोडणारी एखादी जादा वाट जन्मतःच राहून गेलेली असते आणि लहर त्या वाटेने गोल फिरत राहते. बाळ दूध सोडते, फिकट पडते, धापा टाकते. एक-दोन दिवस असेच गेले तर हृदय थकते.

जळगाव-धुळे भागातल्या बाळावर यावरचा पहिला इलाज मुंबईला जाण्याआधी, तिथल्या शासकीय रुग्णालयातच व्हायला हवा. नाक-तोंड मोकळे ठेवून बाळाच्या चेहऱ्यावर काही सेकंद बर्फाची पिशवी धरतात. हा प्रयोग घरी करायचा नाही. ठोके उतरले नाहीत तर ॲडिनोसिन शिरेतून झटकन देतात; रक्तदाब ढासळला असेल तर किलोमागे अर्धा ते एक ज्यूलचा विद्युत झटका. बऱ्याच बाळांचा त्रास वर्षभरात ओसरतो. ज्यांचा उरतो त्यांच्यात वजन साधारण १५ किलोपुढे गेल्यावर शिरेतून नळी सरकवून ती जादा वाट जाळता येते. हे काम मोठ्या शहरातल्या खास केंद्राचे.

खरी फसगत ‘लाँग क्यूटी’ या आनुवंशिक विकारात होते. धावताना, पोहताना किंवा दचकल्यावर मूल कोसळते आणि क्षणात शुद्धीवर येते. घरचे फीट समजतात, कधी बाहेरची बाधा; फीटच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू राहतात. साधा ईसीजी बहुतेक वेळा उलगडा करतो, आणि प्रोप्रॅनोलॉलसारखे स्वस्त औषध जीव वाचवू शकते. या विकाराचा एक प्रकार जन्मजात बहिरेपणासोबत येतो. नात्यातल्या लग्नांत त्याचा संभव वाढतो, म्हणून अशा बहिऱ्या मुलाचा ईसीजी काढलेलाच बरा.

उलट, ठोके फार मंदावले तर पेसमेकर लागतो. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या खाल्ल्यानेही लय अशी मंदावते. तेव्हा तात्पुरता पेसमेकर आणि विषावरची औषधे उपयोगी पडतात.

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आहे. ती २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यांत धुळे होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. पण मधूनच बिघडणारी लय त्या दिवशी स्टेथोस्कोपला सापडेलच असे नाही. मूल खेळताना कधी बेशुद्ध पडले होते का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेले का, हे तिथे विचारले गेले पाहिजे.