कॉलेज पाहावे कोणत्या दिवशी?

हरिहरेश्वरच्या देवळामागून समुद्राच्या कडेने प्रदक्षिणेची वाट जाते. ओहोटीच्या वेळी गेलात, तर लाटांनी कोरलेले काळे खडक आणि त्यांतील मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे निवांत पाहता येतात. भरतीला तीच वाट पाण्याखाली जाते आणि यात्रेकरूला मागे फिरावे लागते. अशा दोघांनी घरी जाऊन वर्णन केले, तर ऐकणाऱ्याला वाटेल, ही दोन वेगळी ठिकाणे! जागा एकच, पाहण्याची वेळ तेवढी वेगळी. विज्ञानात हा नमुन्याचा प्रश्न होय. एका नमुन्यावरून साऱ्या वस्तूविषयी किती सांगता येईल?

विद्यार्थी मित्रांनो, दहावी-बारावीनंतर हाच प्रश्न तुमच्यापुढे उभा राहतो. श्रीवर्धन तालुक्यातील एखादी मुलगी लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ (स्थापना १९८९) पाहून येते. दुसरी बागमांडल्याला फेरीबोटीत बसते, बाणकोटची खाडी ओलांडून वेसवीला उतरते आणि दापोलीचे कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) गाठते. एस.टी.चे भाडे आणि वडिलांचा बुडालेला दिवस धरला, तर दुसरी खेप बहुधा होत नाही. पुढच्या चार वर्षांचा निर्णय त्या दोन-तीन तासांवर ठरतो.

मग जायचेच कशाला? माहितीपुस्तक वाचून भागणार नाही का? नेमका हाच प्रश्न अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात प्रयोग करून तपासला गेला. १५ शाळांतील आठवीच्या मुलांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. दोन्ही गटांना माहितीचे तेच पुडके दिले. पण एका गटाला शिवाय तीन वेळा विद्यापीठात नेऊन आणले. प्रयोगाची खुबी पाहा : माहिती सारखीच, फरक फक्त प्रत्यक्ष जाण्याचा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जाऊन आलेल्या मुलांना महाविद्यालयीन शिक्षणाची जाण अधिक होती. ती शाळेतील शिक्षकांशी त्याविषयी अधिक बोलू लागली, आणि नववीत विज्ञान व सामाजिक शास्त्रांचे वरच्या पातळीचे विषय घेण्याकडे त्यांचा कल वाढला. मात्र तंत्रशाळेत जाण्याची इच्छा कमी झाली. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. मुलांना दाखवले होते विद्यापीठ, तंत्रशाळा नव्हे! जे पाहिले ते जवळचे वाटू लागले आणि न पाहिलेले मागे पडले. आपल्याकडेही कोळीवाड्यातल्या मुलाला रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय किंवा जवळचे आय.टी.आय. कोणी दाखवलेच नाही, तर त्याच्या पसंतीक्रमात ते यावे कोठून?

आता भेटीच्या दिवसाकडे वळू. उरी सायमनसन या संशोधकाने २०१० साली एक मजेदार अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यासात कडक, पण खेळ-करमणुकीत यथातथाच अशी ख्याती असलेल्या एका विद्यापीठाला भेट देणाऱ्या १,२८४ विद्यार्थ्यांची माहिती त्याने घेतली आणि ज्या त्या दिवशीच्या ढगांशी ताडून पाहिली. भेटीच्या दिवशी आभाळ नेहमीपेक्षा बरेच भरलेले असले, तर तेथेच प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण शेकड्यात सुमारे ९ ने अधिक निघाले! कारण काय असावे? ढगाळ दिवशी मैदानावर जावेसे वाटत नाही, पुस्तक घेऊन बसणे बरे वाटते. आज जसे वाटते तसेच पुढची चार वर्षे वाटेल, असे मन नकळत धरून चालते. अर्थात अभ्यास एकाच विद्यापीठाचा. तो सगळीकडे जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे.

कोकणात तर जून-जुलैच्या प्रवेशाच्या दिवसांत आभाळ रोजच भरलेले! तेव्हा ढगांमुळे एक कॉलेज उजवे व दुसरे डावे ठरण्याचे भय थोडे. भय आहे ते निराळेच. एक कॉलेज मे महिन्याच्या उन्हात घामाघूम होऊन पाहिले आणि दुसरे पावसाने हिरवेगार झाल्यावर, तर तुलना कॉलेजांची होत नाही, ऋतूंची होते.

शिवाय पाहिलेले सगळे आठवणीत सारखे राहत नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३२ जणांनी १४ अंश सेल्सिअस पाण्यात ६० सेकंद हात बुडवला. दुसऱ्या खेपेस तितकाच वेळ बुडवून वर आणखी ३० सेकंद तो पाण्यातच ठेवला. त्या वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत कोमट केले. पुन्हा कोणती खेप घ्याल, असे विचारता २२ जणांनी दुसरी, म्हणजे जास्त वेळ त्रास देणारी खेप निवडली! शेवट जरा सुखाचा झाला, एवढ्यावर त्यांची आठवण गोड झाली. कॉलेजच्या भेटीत शेवटी उपाहारगृहात गरम वडा मिळाला, तर काय होईल ते ओळखा.

म्हणून प्रयोगवहीत करता तसेच करा. निघण्यापूर्वी प्रश्न लिहून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी तेच विचारा. समारंभाचा दिवस टाळून, तासिका चालू असतील असा साधा दिवस निवडता आला तर उत्तम. प्रयोगशाळेतील उपकरणांवर धूळ आहे की बोटांचे ठसे, हे पाहा. ग्रंथालयात किती मुले बसली आहेत ते मोजा. दिवस एकच मिळाला, तर बाकीच्या दिवसांची खबर दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींकडून काढा : मे महिन्यात वसतिगृहाला पाणी पुरते का, शेवटची एस.टी. कितीला सुटते, प्रात्यक्षिके खरोखर होतात का. आणि उत्तरे तेथल्या तेथे, वड्याच्या आधी लिहून घ्या.