जुन्नरचा कागद

पुणे जिल्ह्यात शिवनेरी किल्ल्याच्या पायथ्याशी जुन्नर हे गाव वसले आहे. शिवाजी महाराजांच्या जन्मामुळे शिवनेरीचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु एके काळी जुन्नरची ख्याती आणखी एका वस्तूमुळे दूरवर पसरली होती. ती वस्तू म्हणजे हातकागद. मराठेशाहीच्या दफ्तरांत दौलताबादी कागदाप्रमाणेच जुन्नरी कागदही वापरला जाई.

हा कागद करणाऱ्या मुसलमान कारागिरांना ‘कागदी’ म्हणत. रद्दी, फाटकी गोणपाटे आणि जुने दोर हा त्यांचा कच्चा माल. कालची निकामी चिठ्ठी उद्याचा कोरा ताव होऊन परत येई! हा माल चुन्याच्या पाण्यात भिजवून कुटीत, वारंवार धूत आणि त्याचा लगदा हौदातील पाण्यात कालवीत.

पुढचे काम खरे कसबाचे. हौदाच्या काठी बसलेला कागदी बारीक काड्यांची चटई लाकडी चौकटीवर धरून पाण्यात बुडवी व अलगद वर उचली. पाणी निथळे आणि चटईवर लगद्याचा पातळ थर राही. तोच कागद. थर सर्वत्र सारखा येणे, हे केवळ त्याच्या मनगटावर अवलंबून असे. भर थंडीतही त्याचे हात दिवसभर पाण्यातच असत.

ओले ताव दाबून त्यांतील पाणी काढीत व ते भिंतीवर चिकटवून वाळवीत. अशा कागदावर शाई फुटते. म्हणून त्याला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटीत. मोडी लिहिताना बोरू फारसा उचलावा लागत नाही. त्याला असा घोटीव कागद फारच सोयीचा.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कागदाचे मोठे गिऱ्हाईक गेले. व्यापाऱ्यांच्या वह्यांनी धंदा काही काळ तगवला. पण गिरण्यांचा स्वस्त कागद बाजारात आल्यावर कागद्यांचा निभाव लागेना. एकेक हौद कोरडा पडला. पुण्याच्या कसबा पेठेतील ‘कागदीपुरा’ हे नाव या धंद्याची आठवण देते.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत. त्यांतील पत्रांवर लिहिणाऱ्यांची नावे आढळतात. कागद करणाऱ्याचे नाव मात्र कोठे नसते. तथापि असा हातकागद उजेडासमोर धरला, तर चटईच्या काड्यांच्या बारीक रेघा त्यात उमटलेल्या दिसतात.