अत्तराची पारख आणि गंधवाचक शब्द

पारंपरिक अत्तराला चंदनतेलाचे अधिष्ठान असते. मनगटावर लावताच फुलाचा गंध पुढे येतो. लवकर उडणारी द्रव्ये सरल्यावर चंदन मागे रेंगाळते. म्हणून आवडीचा निर्णय पहिल्याच हुंगण्यावर करू नये. परंतु हा पालट शब्दांत सांगू जाता अडचण येते. ‘खमंग’, ‘कुबट’, ‘खवट’ ही मराठी विशेषणे गंधाचा गुणच सांगतात. फुलांच्या गंधांना मात्र ‘मोगऱ्याचा’, ‘केवड्याचा’ अशी उगमदर्शक नावेच मिळतात. मलाया द्वीपकल्पातील जहाई भाषेत अमूर्त गंधवाचक शब्द सुमारे डझनभर आहेत. तिचे भाषक गंधांना रंगांइतक्याच सहजतेने नावे देतात, असे मजीद व बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये दाखविले. तेव्हा केवळ घ्राणेंद्रियाला दोष देता येत नाही. पारख करणाऱ्याने प्रहराप्रहराला सुचलेले शब्द टिपल्यास आवड स्पष्ट होईल. कोशकारासही सामग्री लाभेल.